धूर कोठे गया?

मावशींनी शेगडीत जाळायचा पेलेट चिमटीत धरला, उन्हाकडे करून पाहिला, नाकाशी नेला आणि मग सरळ दाढेखाली घालून फोडला. थोडा वेळ चघळून बाजूला थुंकल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यामा काहीतरी शे."

मी म्हणालो, "मावशी, त्यात फक्त कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुसा आहे. दाबून गोळ्या केल्यात."

"दाबाले काय टाकं?"

"काही नाही. नुसतं दाबलं की चिकटतं."

"काही नही," त्यांनी माझाच शब्द हळूच उच्चारला आणि शेजारणीकडे अशा नजरेने पाहिलं, की ती बिचारीही हातातली गोळी खाली ठेवून मोकळी झाली.

शहाद्यात पेलेटच्या शेगड्या विकणारं आणि दुरुस्त करणारं एक छोटं दुकान होतं. तिथे मी कामाला होतो. गावोगाव जाऊन शेगडी पेटवून दाखवायची आणि नंतर ती बिघडली की नीट करून द्यायची, हे माझं काम. लोणखेड्यात त्या दिवशी दहा-बारा बायका जमल्या होत्या. मी शेगडीच्या डब्यात वरच्या भोकांच्या खालपर्यंत गोळ्या भरल्या, वर थोड्या काड्या ठेवून पेटवल्या. ज्योत धरल्यावर खालचा बॅटरीवरचा पंखा चालू केला. निळसर, सरळ आच उभी राहिली. बायका "अगं माय" म्हणाल्या. मावशी मात्र उठल्या आणि शेगडीला एक फेरी मारून आल्या. मागे पाहिलं, खाली वाकून पाहिलं, वर छपराकडे पाहिलं.

"धूर कोठे गया?"

"जळाला, मावशी. हवा नीट मिळाली की धूरच जळून जातो."

"धूर जळस?" त्या हसल्या. फसवणारा माणूस डोळ्यांदेखत पकडला गेल्यावर हसतात तशा.

शेगडी घेणाऱ्या त्या गावातल्या पहिल्या. माझ्यावर भरवसा बसला म्हणून नव्हे, तर खोटेपणा एकदा उघडा पाडावा म्हणून. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं, आणि तेही मी काही अपराध केल्यासारखं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं नाही तर आज का घातलं नाही, याचा विचार करत बसणारं. मावशी तशा. घरात एकट्या राहायच्या. मुलगी सुरतेला दिलेली. मागच्या बाजूला एक खोली होती, ती कॉलेजला शिकणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायच्या. मुली आल्या की पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर नजर. फोनवर हळू बोलल्या तर कोणाशी बोलतात, आणि मोठ्याने बोलल्या तर एवढं मोठ्याने का बोलतात.

शेगडी घेतल्यावर महिन्याभरातच निरोप आला, "गोया बदलेल शेतस." मी गेलो. शेगडी खरंच धूर ओकत होती. मी पोत्यातून मूठभर गोळ्या काढल्या आणि एक बोटांनी दाबली. तिचा भुगा झाला. पोतं भिंतीला टेकून थेट जमिनीवर ठेवलेलं, खालून ओल चढलेली.

"गोळ्या बदलल्या नाहीत, मावशी. ओल्या झाल्यात. पोतं पाटावर ठेवा, भिंतीपासून लांब."

मावशींनी भुगा हातात घेतला. पटल्यासारखं वाटलं. मग आवाज खाली आणून, शेजारच्या घराकडे डोळ्यांनी खूण करत त्यांनी विचारलं, "ओलं कोणी करं?"

दुसऱ्या वेळी पंख्याचा आवाज बदलला होता. "तू मांगे उना व्हता, तवय आवाज येगळा व्हता," त्या म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की मी मागच्या वेळी काहीतरी सैल करून गेलो, म्हणजे मला पुन्हा यायला निमित्त मिळावं आणि चहा मिळावा. मी शेगडी उलटी केली. पंख्याच्या तोंडाशी राख साचली होती आणि आतल्या भोकांवर राखेचे खडे चिकटले होते. पऱ्हाटीच्या गोळ्यांची राख आचेवर वितळून अशी दगडासारखी होते. ती रोज काढली नाही की हवा अडते, ज्योत पिवळी पडते आणि भांडी काळी होतात. मी खडे खरवडत होतो आणि मावशी माझ्या बोटांवरून नजर हलवत नव्हत्या. काम झाल्यावर त्यांनी सगळे स्क्रू एकेक करून स्वतः फिरवून पाहिले. मग चहा दिला. मी पहिला घोट घेतल्यावर आपण घेतला.

मी त्यांना पुन्हापुन्हा एक गोष्ट सांगत असे. शेगडी ओट्यावर, मोकळ्या हवेत. खोलीत नेऊन दार लावायचं नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजायचं नाही. आच विझत आली, पंखा बंद पडला आणि नुसते निखारे राहिले, की त्यातून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो.

मला वाटलं होतं, हेही त्या उडवून लावतील.  पण पीठ मळता मळता त्यांचा हात थांबला.

"मन्हा मालकना छातीमा दुखं," त्या म्हणाल्या. "सगया बोलनात, काही नही शे, गॅस शे, पडी ऱ्हा. मी मानी लिधं."

आणि त्या पुन्हा पीठ मळू लागल्या. छातीत दुखलं त्याच दिवशी दिवेलागणीला त्यांचे मालक गेले, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. त्यानंतर कुणी 'काही नाही' म्हटलं, की मावशींच्या कपाळाला आठी का पडते, हे मला विचारावं लागलं नाही.

त्या हिवाळ्यात मागच्या खोलीत दोन बहिणी राहायला आल्या. धडगावकडच्या डोंगरातल्या. घरी पावरी बोलणाऱ्या, बाहेर शाळेतली मराठी जपून बोलणाऱ्या. अंगावर एकेक पातळ चादर. मावशींचा त्यांच्याविषयीचा संशय मी जाईन तेव्हा नवा असायचा. त्या फार शांत आहेत, म्हणजे काहीतरी लपवतात. त्या नळाला पाणी आलं की सगळ्यांच्या आधी बादली लावतात, म्हणजे रात्रभर जाग्या असतात. मुली समोर आल्या की मावशी बोलणं बंद करून नुसत्या बघायच्या, आणि मुली भिंतीकडेने निघून जायच्या.

एका सकाळी मला पुढच्या गावाला जायचं होतं. वाटेत मावशींच्या शेगडीची बॅटरी बघून जावं म्हणून थांबलो. मावशी दूध घेऊन नुकत्याच आल्या होत्या आणि ओट्यावर कमरेला हात लावून उभ्या होत्या. शेगडीची जागा रिकामी होती.

"मन्ही शेगडी चोरी गई."

"कोण नेणार, मावशी?"

त्यांनी मानेने मागच्या खोलीकडे खूण केली. आम्ही मागे गेलो. दार आतून लावलेलं. मावशींनी दार वाजवलं. मग थापा मारल्या. आतून काही नाही.

"जाग्या शेतस. मुद्दाम बोलत नही."

मी म्हणालो, "झोपल्या असतील. थंडी किती आहे."

मावशी दाराकडून वळल्या आणि नळाजवळ उभ्या राहिल्या. नळाला पाणी येत होतं. खाली बादली नव्हती. ते पाणी नुसतं वाहून चाललं होतं. मग त्यांनी खिडकी पाहिली. खिडकीच्या फटीत आतून ओढणी कोंबलेली होती.

त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. रागाने लाल झालेल्या बाईच्या चेहऱ्यावरून रंग उतरत जाताना मी तेव्हाच पाहिला.

"यामा काहीतरी शे," त्या म्हणाल्या. या वेळी मी त्यांना काही समजावलं नाही.

मी आणि थापा ऐकून आलेले शेजारचे भाऊ, दोघांनी मिळून दाराला खांदा दिला. तिसऱ्या धक्क्याला आतली कडी निघाली. खोलीत धूर नव्हता, कसला वासही नव्हता. उबदार, शांत खोली. मधोमध शेगडी. पंखा बंद, डब्यात निखारे लाल. धाकटी भिंतीशी उलटी करून पडलेली. थोरली तिच्यापर्यंत पोचायला निघाल्यासारखी मध्येच पालथी झालेली.

मी ओरडलो, "आत कोणी थांबू नका, आधी ह्यांना बाहेर काढा!" श्वास धरून मी थोरलीला काखेत धरलं. मावशींना बाहेर थांबा म्हणायला वेळच नव्हता. त्या आत शिरल्या होत्या आणि धाकटीला पाय धरून ओढत होत्या. शेजारचे भाऊ पाण्याची बादली घेऊन शेगडीवर ओतायला धावले, त्यांना अडवलं. वाफ आणि तापलेली राख तोंडावर उडाली असती. दार-खिडकी सताड उघडल्यावर मी फडक्याने कड्यांना धरून शेगडी अंगणात आणून ठेवली.

धाकटीने उघड्यावर लवकर डोळे उघडले. थोरली हलत नव्हती. श्वास होता, पण फार थांबून थांबून. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही शहाद्याला निघालो. थोरलीचं डोकं मावशींच्या मांडीवर. साऱ्या वाटेत त्या तिच्या नाकापाशी तळहात धरून बसल्या होत्या. श्वास हाताला लागला, तरी हात काढेनात. जणू तो श्वासही खोटा असेल.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता घाबरण्यासारखं काही नाही."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "परत देखा, डॉक्टरसाहेब."

"अहो, पाहिलं मी."

"परत देखा."

डॉक्टर चिडले, पण आत गेले. बाहेर येऊन पुन्हा तेच म्हणाले. मग मावशी बाकावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी थोरली बोलायला लागली. पहाटे फार थंडी वाजली, म्हणून ओट्यावरून शेगडी आत नेऊन पेटवली. थोडी ऊब घेऊ आणि पाणी यायच्या आत परत ठेवू, असं ठरवलं होतं. पंखा मध्येच बंद पडला, पण निखारे छान होते. धूर नव्हता, म्हणून काही वाटलं नाही.

"मले सांगं का नही?" मावशींनी विचारलं. "मी गोधडी देती."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "मागायला भीती वाटली, मावशी."

"मन्हं भ्याव वाटनं तुमले?"

 धाकटीने पलीकडच्या खाटेवरून होकाराची मान हलवली. मावशी बराच वेळ खाटेची लोखंडी पट्टी धरून उभ्या होत्या. आपल्या संशयाने दार फोडलं, हे त्यांना सगळे सांगत होते. आपल्या संशयानेच ते दार आतून लागलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

त्या बदलल्या, असं म्हणणं खोटं होईल. मुलींना त्यांनी दोन जाड गोधड्या दिल्या आणि देताना बजावलं, "तेलना डाग पाडू नका. मी देखसू." पण त्या दिवसापासून मुली त्यांच्याच चुलीपाशी जेवू लागल्या. धाकटी त्यांना उलट बोलू लागली, आणि मावशी माझ्याकडे तिची तक्रार करताना हसू लपवू लागल्या.

मी लोणखेड्यात शेगडी दाखवायला गेलो, की त्या माझ्याबरोबर निघायच्या. बोलावलेलं नसायचं. घरातली बाई म्हणायची, "आम्ही बाहेरच ठेवतो शेगडी." मावशी म्हणायच्या, "दखाड." ती जागा दाखवायची. मावशी खाली वाकून जमिनीवर राखेचा डाग आहे का बघायच्या. डाग घरात सापडला, की मग त्या बाईची खैर नसे. राख कुठे टाकता, विझली का बघता का, पोरं निजतात ती खोली कोणती, खिडकी उघडते का, सगळं. माझ्या दुकानाचे मालक म्हणायचे, या बाईमुळे आपली शेगडी कोणी घेणार नाही. घेतली लोकांनी. पण मावशी गल्लीत शिरल्या, की बायका आधी खिडक्या उघडायच्या.

तीन-चार वर्षांनी मावशींना धाप लागू लागली. स्मरणही सुटत चाललं. थोरलीला तोवर नोकरी लागली होती, धाकटीचं शेवटचं वर्ष होतं. सुरतेहून मुलगी न्यायला आली. मी आणि धाकटी त्यांना पोचवायला नंदुरबार स्टेशनवर गेलो. मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. फार लहान दिसत होत्या. धाकटीने गजातून हात घालून त्यांचं बोट धरलं होतं.

गाडी सुटायला थोडा वेळ होता. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. ओळख पटली असावी.

"भाऊ, तू जेवना का?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं. घाईत निघालो होतो. तरी मी म्हणालो, "हो मावशी, जेवलो."

मी वाट पाहिली. कुठे जेवला, काय जेवला, मग तोंड असं सुकलेलं का, असं त्या विचारतील. मी उत्तरही मनात जुळवून ठेवलं होतं.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि समाधानाने मान हलवून समोर बघू लागल्या.

गाडी हलली. धाकटी खिडकीबरोबर चार पावलं चालली, मग तिला बोट सोडावं लागलं.