वरून दोन चमचे

आमच्या हिच्या मामांच्या घरी परवापरवापर्यंत कुणीही गरम भात खाल्लेला नव्हता. पानात वरण-भात पडला की आपला हात सवयीने तुपाच्या भांड्याकडे जातो, आणि तो पोचायच्या आत मामा काळ्या काचेची बाटली घेऊन हजर होतात. भातावर हिरवट तेलाची धार पडते, अक्रोडासारखा वास येतो आणि प्रवचन सुरू होतं. "भांगेच्या बियांचं तेल आहे, जावईबापू. घाबरू नका. नशा पानाफुलात असते, बी सोज्वळ असते." मग ओमेगा तीन, ओमेगा सहा, त्या दोघांचं शरीराला मानवणारं प्रमाण, ई जीवनसत्त्व, हृदय, कातडी, सगळं ओळीने येतं. मामा मराठीचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे ओमेगाला मराठी शब्द न सापडल्याचं त्यांना मनापासून दुःख आहे. तेही ते दरवेळी सांगतात, आणि तोवर भात निवतो.

बाजारात याला 'हेम्प सीड ऑइल' म्हणतात, तसं म्हटलं तर माणसं दचकणार नाहीत, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "घरात शब्द असताना बाहेरून कशाला मागवायचा?" एवढंच बोलून त्यांनी माझ्या भातावर आणखी एक चमचा ओतला. त्यामुळे कर्वेनगरमधल्या त्यांच्या सोसायटीत ते 'भांगवाले सर' म्हणून ओळखले जातात. सकाळी गॅलरीत बसून ते टाचांच्या भेगांना तेल लावतात आणि उरलेलं टकलावर जिरवतात. "अहो सर, भांग पाडायला आधी केस लागतात," असं शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या. मामांनी त्यांना दोन्ही भांगांमधला फरक उदाहरणं देऊन समजावला. काकू आता गॅलरीत येण्याआधी डोकावून बघतात.

फोडणीला मात्र हे तेल वापरायचं नाही, तापवलं की त्यातलं सत्त्व जातं. पोळ्या करणाऱ्या मावशींनी एकदा त्यात मोहरी टाकली, तर मामांनी गॅस बंद केला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. एकदा त्यांनी ऋताच्या खोलीच्या बिजागऱ्यांना तेच तेल घातलं. ते हवेवर सुकून चिकट होतं ही माहिती त्यांच्या तेलाच्या पुस्तकात पुढच्या पानावर होती. तेव्हापासून ते दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही.

ऋता ही त्यांची एकुलती एक मुलगी. मामी गेल्या तेव्हा ती शाळेत होती. मामांना कुकर लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. पोळ्या मावशींच्या, भाजी कधी आमच्याकडची, कधी विकतची. पोरीच्या पानात आपल्या हातचं काय, तर वरून हे दोन चमचे तेल. त्या प्रवचनाला मी पुष्कळ हसलो आहे, पण ते कुठून आलं हे मला ठाऊक आहे.

या ऋताला बोटीवर अधिकारी व्हायचं होतं. शिक्षण झालं, कंपनीने निवड केली, वैद्यकीय तपासणी तेवढी उरली. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी कंपनीची मेल वाचता वाचता ती थांबली. "बाबा, यात ड्रग टेस्ट पण आहे." मामांच्या हातातली बाटली तिच्या पानावर तशीच राहिली.

सकाळी मी गाडी काढली. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "काही औषधं, सप्लिमेंट्स?" ऋता म्हणाली, "तसं काही नाही, फक्त एक सीड ऑइल..." आणि मागून मामांचा वर्गातला आवाज आला, "भांग! भांगेच्या बियांचं तेल. रोज दोन चमचे. मीच देतो."

सगळा हॉल आमच्याकडे बघू लागला. ऋताने डोळे मिटून घेतले. "आजोबा, ही चेष्टेची जागा नाहीये," ती मुलगी म्हणाली. "मी चेष्टा करत नाहीये. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं." तिने ते लिहून घेतलं.

आतले डॉक्टर सरळ बोलले. "या तेलाने सहसा काही येत नाही. पण बिया नीट साफ केलेल्या नसतील, पाला राहिला असेल, तर मी खात्री देणार नाही. आणि रिपोर्ट वाईट आला तर कंपनी कारण विचारत बसत नाही."

मामांचा दुकानातल्या बाटलीवर विश्वास नाही. त्यांच्या एका ओळखीच्यांकडून गढवालहून बिया येतात, मामा त्या भिंग लावून निवडतात आणि वारज्याच्या घाण्यावरून तेल काढून आणतात. परतताना ते गाडीत म्हणाले, "जावईबापू, या खेपेला बिया निवडल्या होत्या का हो मी?"

"तुम्ही नेहमीच निवडता, मामा."

"नेहमीचं सोडा. या खेपेला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला आठवत नाहीये." मागे बसलेली ऋता खिडकीबाहेर बघत होती.

रिपोर्ट यायला वेळ होता. आम्ही जेवायला गेलो तर टेबलावर तूप होतं आणि कुणी माझा हात अडवला नाही. मामा डब्याच्या तळाशी उरलेल्या बिया वर्तमानपत्रावर पसरून बसले होते. एक कण चिमटीत धरून त्यांनी माझ्यापुढे केला. "हे पान आहे की टरफल?" मला कळेना. त्यांनी तोच कण हिला दाखवला, मावशींना दाखवला. मावशी म्हणाल्या, "टरफलच आहे ते, सर." त्यांना तरी काय दिसणार होतं! मामांनी पुन्हा भिंग उचललं.

फोन वाजला तेव्हा ऋता तिच्या खोलीत होती. तिचं "हॅलो" ऐकू आलं, मग "येस सर", आणि मग काहीच नाही. मामा दाराशी धावले. दार हलेना. "ऋता, काय म्हणाले?" मामांनी खांदा लावला, मी लावला, आणि दार उघडलं तेव्हा ती पलंगावर बसून रडत होती. मामा भिंतीला टेकले. "क्लिअर आहे बाबा," ती कशीबशी म्हणाली. "सगळं क्लिअर आहे."

ऋता बोटीवर जायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे मामांकडेच जेवलो. मामांनी मेतकूट, चटण्या, लोणचं बांधून दिलं होतं, बाटली मात्र कुठेच नव्हती. ऋताच्या भातावर त्यांनी गुपचूप तूप वाढलं.

"तेल?" तिने विचारलं.

"नको बाळा. तिकडे पुन्हा तपासण्या होतील."

"बरं, तेल नको. पण सांगा तरी."

"काय सांगू?"

"तेच. नेहमीचं."

मामांनी घसा साफ केला. "नशा पानाफुलात असते," असं म्हणून ते थांबले, चष्मा काढून पुसू लागले. पुढचं ऋतानेच पूर्ण केलं, "बी सोज्वळ असते." आणि मग तिनेच ओमेगा तीनपासून ई जीवनसत्त्वापर्यंत सगळं म्हटलं, एक शब्द न गाळता.

ती आता समुद्रावर असते. मामांकडे गेलो की टेबलावर तूप असतं, कुणी काही सांगत नाही, आणि भात अगदी वाफाळता मिळतो. तो मला खाववत नाही.