पट्ट्याला दिलेला हात

आज गिरणीत मोटार तापल्याचा वास सुटला अन् माझी बायको सुमन पट्ट्यापाशी उभी असल्यागत भासली.

राजूरची आमची पिठाची गिरणी. जड जात्यापुढं जुनी मोटार नुसती गुरगुरायची. मंग सुमन पट्ट्याला हातानं हिसका द्यायची, तवा कुठं जातं फिरायचं. एखाद्या दिवशी हिचा हात जाईल, ही माझी धास्ती. म्हणून ड्राइव्ह आणला, म्हणजे मोटारीला हळूहळू वेग देणारी पेटी. वायरी मीच जोडल्या. मोटार उलटी फिरली.

"अहो, पिठाचे गहू करता का?" सुमन हसली.

पेटीतून मोटारीकडं जाणाऱ्या दोन वायरी अदलाबदल केल्या. आता मोटार बराबर उठली, बिनआवाज. सुमनचा हात सवयीनं पट्ट्याकडं गेल्ता, तो तसाच अधांतरी राह्यला.

"आता माझं काय काम इथं?"

"बस की घरी सुखानं," मी म्हणलो.

ती घरी बसली. मला वाटलं, सुख दिलं. 'काम न्हाई तर न्हाई, माझ्यापाशी बस,' एवढंच तिला ऐकायचं होतं, हे ती देवाघरी गेल्यावर कळलं.

मोटार आजबी आपोआप उठते. मी पट्ट्याकडं बघत राह्यतो, अन् गिऱ्हाईक ओरडतं, "बाबा, पीठ सांडून राह्यलं!"