सरांनी उन्हात वाळवलेला दगड

तीस वर्षं मी डहाणूच्या शाळेत भूगोल शिकवला आणि या तीस वर्षांत एकाच माणसाचा मनापासून राग केला. ते आमचे विज्ञानाचे सर. माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा कासा गावाजवळच्या ओढ्यात मला एक पोकळ दगड सापडला. बाहेरून अगदी बटाटा, आत गच्च जांभळे स्फटिक. मी कौतुकाने शाळेत नेला. सरांनी तो परस्पर प्रदर्शनात मांडला, स्वतःच्या नावावर, आणि दगड हातात धरून त्यांचा फोटो पेपरात आला. जाब विचारला तर म्हणतात, "अहो बाई, शाळेचं ते सगळ्यांचं. त्यात तुझं-माझं काय?" फोटोत मात्र सगळे नव्हते, एकटे तेच होते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मूग गिळून बसले. या माणसाची एकदा जिरवायची, एवढं मात्र मनाशी ठरवून टाकलं.

यंदा एप्रिलमध्ये तेच सर माझ्या दारात उभे! शाळेत दगडांची खोली उघडायची होती आणि कुठल्या ओढ्यात काय मिळतं हे पंचक्रोशीत मलाच माहीत. "बाई, चार दिवस फिरू या. जीप माझी." मी लगेच हो म्हटलं. नवरा बघतच राहिला. त्याला वाटलं, चला, हिचा राग निवळला. निवळतोय कसला!

डहाणूहून गुजरातच्या वेशीवरचं अच्छाड म्हणजे खरं तर दीड-दोन तासांचा रस्ता. आम्ही त्याला चार दिवस लावले, कारण प्रत्येक ओढ्यात उतरायचं, प्रत्येक खाणीबाहेरचा ढिगारा उपसायचा. जीप चालवायला वेवजी गावचे एक काका होते. अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलायचे आणि पहार मात्र लोण्यात सुरी घालावी तशी चालवायचे. मुक्कामाला मी तलासरीत मावसबहिणीकडे, सर काकांच्या घरी.

पहिले दोन दिवस बरे गेले, हे कबूल करते. हा सगळा मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा. महालक्ष्मीचा सुळका लांबून दिसला की मला अजूनही वर्गात उभं राहिल्यासारखं वाटतं. तलासरीच्या बाजूला शेतांमधून काळ्या दगडाच्या उभ्या भिंती गेल्यात, कुणी गवंड्याने बांधल्यासारख्या. मी सांगत होते, "रस भेगेत शिरला, तिथेच थिजला, आजूबाजूची माती वाहून गेली, भिंत उरली." सर वहीत लिहून घेत होते. घ्या, घ्या लिहून, म्हटलं, उद्या भाषणात स्वतःचं म्हणून सांगालच!

तिसऱ्या दिवशी अच्छाडच्या अलीकडे एका बंद खाणीवर गेलो. राखणदाराला विचारलं, तो म्हणाला, "ढिगाऱ्यातलं काय न्यायचं ते न्या." तळाशी पाणी साचलं होतं. काठावरचा एक मोठा धोंडा मला दिसला, काकांनी पहारीने तो उलटा केला आणि मी चिखलातच गुडघे टेकले. धोंड्याच्या पोटात हातभर पोकळी, आणि तिच्यात करंगळीएवढे स्फटिक, पांढरे, किंचित गुलाबी, ओले, एकमेकांत घुसून उभे. आई गं! इतक्या वर्षांत असं काही बघितलं नव्हतं.

आणि तो कोणता दगड आहे हेही मला त्याच क्षणी कळलं. कॉलेजातल्या एका भूगर्भशास्त्राच्या मास्तरांनी त्याचा नखाएवढा तुकडा मला पूर्वी दाखवला होता. हा ओला आहे तोवरच जगतो. वाळला की त्याच्या अंगातलं पाणी जातं आणि त्याचं पीठ होतं. पाण्याच्या बरणीत ठेवायचा, बस. काकांनी पोकळीचा तुकडा अलगद तोडून दिला, मी तो ओल्या पंचात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले.

हायवेवरच्या ढाब्यावर चहाला थांबलो. सरांनी पंचा सोडला. "अहो बाई, ओलं कशाला ठेवलंत? आम्ही मच्छीवाले. ओलं काही बांधून ठेवलं की नासलं समजायचं. चांगलं कडकडीत ऊन द्यायचं, मग भरायचं." त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या बोंबील वाळतात, त्यांना दुसरं काय सुचणार? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "सर, हा दगड..." एवढं म्हटलं आणि त्यांचा फोन वाजला. मुख्याध्यापक होते. सर हसत हसत म्हणाले, "हो हो, जबरदस्त पीस! मीच काढला खाणीतून."

मी तोंड मिटलं. चहा संपवला, आणखी एक मागवला.

चौथ्या दिवशी परतलो. दगड सरांनी आपल्या घरी नेला. नंतर आठवडाभर तो दगड सरांच्या अंगणात वाळत घातलेल्या जवळा-बोंबलाच्या शेजारी उन्हात पडला होता. मी मुद्दाम त्या रस्त्याने बाजाराला जायचे. रोज तो थोडा थोडा चुन्यासारखा पडत होता. सरांच्या आई काठीने कावळे हाकलत त्याची राखण करायच्या. दगडासाठी वाईट वाटत होतं आणि सरांची गंमतही वाटत होती. दोन्ही खरं.

उद्घाटनाला सगळं गाव. पाहुणे म्हणून भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक आले, सरांनी भाषण ठोकलं, उभ्या भिंती, थिजलेला रस, सगळं माझं. मग दगड बशीतून उचलून पाहुण्यांना दाखवायला गेले आणि बोटांतच त्याचा भुगा झाला. पांढरं पीठ शर्टावर, पाहुण्यांच्या बुटांवर. काय सांगू, असा आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता!

सर गोंधळले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं. "दगड खरं तर बाईंनी शोधला. त्यांनाच विचारा." बघा म्हणजे! पीठ झाल्यावर माझा!

पाहुण्यांनी विचारलं, "बाई, हा वाळवायचा नसतो हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही म्हणाले असते तर तीस वर्षं पाण्यात. "माहीत होतं," मी म्हटलं. "पहिल्या मिनिटापासून."

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी ते पोटभर बघून घेतलं. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी पुढे आली, बशीत वाकून बघत म्हणाली, "बाई, पण तो कसा दिसायचा?"

मी सांगायला लागले. करंगळीएवढे होते, किंचित गुलाबी, म्हटलं, एकमेकांत घुसून उभे, आणि सांगता सांगता भर कार्यक्रमात पदर डोळ्याला लावायची वेळ आली. लोकांना वाटलं, बाईंना पश्चात्ताप झाला. झाला ना! त्या दगडाचा झाला. सरांचा आजही नाही.