गेलो होतो. मग?

मुरबाडच्या कारखान्यात स्पेनहून नवी यंत्रं आली, आणि तिकडच्या इंजिनिअरांशी बोलायला कुणीतरी स्पॅनिश शिकायचं ठरलं. साहेबांची नजर माझ्यावर पडली. चाळिशी उलटलेला मी शेणव्याच्या घरी, ओटीवर मोबाइल टेकवून शिकायला बसू लागलो. शिकवणाऱ्या बाई स्पेनमधून बोलायच्या. बायको शेजारी वाल सोलत बसायची, कान सगळा इकडे.

पूर्ण भूतकाळ आला तेव्हा मी खूश झालो. 'आबिया' म्हणजे 'होतो', 'इदो' म्हणजे 'गेलो'. हा तर आपल्या घरचाच! काल काय केलंत, असं बाईंनी विचारल्यावर मी ऐटीत म्हणालो, "आयेर आबिया इदो आल मेर्कादो." काल बाजारात गेलो होतो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ई लुएगो?" म्हणजे, आणि मग?

मग काय? मग काहीच नाही. गेलो होतो, आलो.

त्यांनी समजावलं. 'आबिया' म्हटलं की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघतो. एक गोष्ट घडायच्या आधी दुसरी घडून गेली होती, एवढं सांगायलाच तो काळ. नुसतं बाजारात गेला असाल तर 'गेलो' म्हणा.

पण माझ्या जिभेला सवय. शहापूरला गेलो होतो, मामा भेटला होता, चहा घेतला होता. दर वाक्याला बाई पुढे सरसावायच्या आणि मी त्यांना तसंच ताटकळत ठेवायचो.

बायकोनं तेवढं बरोबर उचललं.

"मी मोटार बंद केली होती," मी म्हणालो की ती विचारायची, "ई लुएगो?"

"मग काय? केली होती."

"मंग टाकी वाहते कशी?"

एकदा मुरबाडहून यायला मला बराच उशीर झाला. बायको जेवून, माझं ताट झाकून बसली होती. दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं, "क्वांदो येगे, मी मुखेर या आबिया सेनादो." बाईंनी टाळ्याच वाजवल्या.

"काय सांगितलंत तिला?" बायकोनं विचारलं.

"मी आलो तेव्हा तू जेवली होतीस."

"अर्धंच सांगितलंत. जेवायच्या आधी मी किती वाट बघितली होती, ते कोण सांगणार? ती काय म्हणंल, बाई नवऱ्याला सोडून जेवते?"

मी तेही कसंबसं सांगितलं. बाई हसल्या, बायकोला मोबाइलसमोर बोलावून घेतलं आणि मला विचारलं, उशीर का झाला?

मग मी सुरू केलं. टायर पंक्चर झाला होता, सरळगावला मित्रानं थांबवलं होतं, त्याच्या बायकोनं चहा टाकला होता. 'आबिया'मागून 'आबिया', आणि एकही चूक नाही. बाईंनी शाबासकी दिली.

बायकोला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. वालाची परात उचलून आत जाताना ती म्हणाली, "एवढं लांबलं म्हंजे खोटंच असंल."