बेलापूर ते कोपरगाव, जागेवरून

फिजिक्सच्या मास्तराचे किस्से त्याला स्वतःला सांभाळावे लागत नाहीत, स्टाफरूम सांभाळते. मी विसरलोच तर आठवण करून द्यायला शेखसर आहेत. ते गणिताचे, माझी एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण जागेवरच्या सायकलीचे किस्से आता इतके साचलेत, की म्हटलं आपणच सांगून मोकळं व्हावं.

झालं असं, की शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत खाली आली नाही तर इन्सुलिन." सुईचं नुसतं नाव काढलं तरी मला घाम फुटतो. कॉलेजच्या लॅबमध्ये एक व्यायामाची सायकल होती, घर्षण शिकवायला आणलेली. जड चाक, त्याभोवती पट्टा. नॉब पिळला की पट्टा आवळतो आणि पाय भरून येतात. ठरवलं, रोज सकाळी तासभर हीच मारायची. एरवी मी शेखसरांच्या मोटारसायकलवर मागे बसून यायचो. आता तासभर आधी पोचायचं म्हणून तीन किलोमीटर चालत जाऊ लागलो. घरची सायकल दोन वर्षं पंक्चर होती.

*

शेखसर मूळचे घोडेगावचे, लहानपण बैलबाजारात गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पाय बरे आहेत सर. दात बघू का?"

*

एकदा अकरावीला फिरत्या चाकाचं जडत्व दाखवत होतो. जोरात पेडल मारून म्हणालो, "आता मी थांबतो." मी थांबलो, चाक थांबलं नाही. या सायकलीत पेडल चाकाला पक्कं जोडलेलं असतं, हे आदल्याच दिवशी मी फळ्यावर काढलं होतं. माझी चप्पल तिसऱ्या बाकावर सापडली.

एका मुलीने परीक्षेत लिहिलं, "सर थांबले तरी चाक थांबत नाही, यास जडत्व म्हणतात." पूर्ण मार्क द्यावे लागले.

*

"ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते," असं म्हणून पट्टा किती तापलाय ते दाखवायला मी बोट लावलं. हा टपोरा फोड आला. घरी मलम लावताना बायको म्हणाली, "हात न लावता शिकवता येत नाही का तुमचं शास्त्र?"

*

मग पट्टा कुईकुई करायला लागला. मी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल आणून सढळ हाताने सोडलं. दुसऱ्या दिवसापासून नॉब आठवर असला तरी दम लागेना. मला वाटलं, स्टॅमिना वाढला!

आमच्या बेलापूरहून निघालो असं धरून, मीटरवरचे किलोमीटर मोजून मी रोज स्टाफरूममध्ये जाहीर करायचो, आज श्रीरामपूर, आज पुणतांबा. कोपरगावला पोचलो त्या दिवशी तर पेढे वाटले. शेखसर म्हणाले, "येताना एसटीने या, दमला असाल."

*

रिपोर्टच्या आदल्या दिवशी आमचे लॅबमधले नामदेवमामा चाक पुसत होते.

"सर, ह्यो पट्टा कुनी भिजवला? आवळला तरी धरत न्हाई. चाक नुसतंच फिरतंय."

"कधीपासून, मामा?"

"दोन म्हैनं झालं आसतील. मला वाटलं, तुमचा कायतरी प्रयोग हाय."

वंगणाने घर्षण कमी होते, हे वाक्य माझ्या नोट्समध्ये लाल शाईने अधोरेखित केलेलं आहे. दोन महिने मी नुसता बसून पाय हलवत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर सुई दिसत होती.

*

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "शुगर चांगलीच खाली आलीय. काय केलंत?"

मी खरं ते सगळं सांगितलं, तेलासकट. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"सर, त्या सायकलपर्यंत जाता कसे?"

"चालत. तीन किलोमीटर. घरची सायकल पंक्चर आहे ना."

त्यांनी चिठ्ठी ओढली, काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली. मेडिकलवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली. म्हणाला, "हे आमच्याकडे मिळत नाही."

चिठ्ठीवर एकच ओळ होती. 'पंक्चर काढू नये.'