एकाच्याच वजनाचं सस्पेन्शन

ग्लासगोचे डॉक्टर शशिधर टिपणीस, माझे जुने शेजारी, पाहुण्याला तिसरी पुरणपोळी वाढल्याशिवाय सोडत नसत. पहिलं ‘नको’ कधी खरं धरायचं नसतं, असं तेच सांगायचे. म्हणूनच पुढचं आठवलं की माझं डोकं फिरतं.

२००४ साली त्यांनी डोंगरातल्या बर्फात चालवायला जुनी स्नोमोबिल, बर्फावरची मोटरसायकलच म्हणा, घेतली. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये मित्राची जमीन होती. गाडीसोबत आलेलं, धक्के झेलणारं मागचं सस्पेन्शन काढून दुसऱ्या कंपनीचं बसवायचं होतं. दोन मिळत होती. एक हलकं, खोल बर्फात सुसाट, पण एकाच्याच वजनाचं. दुसरं जड, दोघांना पेलणारं. त्यांनी बायकोला, उल्कावहिनींना विचारलं, “तू बसणार का मागे?”

“नको, तुमचं चालू दे.”

झालं! हलकं मागवलं. मग दर हिवाळ्यात वहिनी खाली रस्त्यावर, गाडीत थर्मास घेऊन वाफ धरलेली काच पुसत बसायच्या.

पुढे वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आता धक्के बसतील असं काही करायचं नव्हतं. डॉक्टर माझ्यासमोरच म्हणाले, “नाहीतरी तुला त्या स्नोमोबिलची आवड कुठे होती!”

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

“पाहुण्यांना तीनदा विचारता. मला एकदाच विचारलंत.”