अर्ध्यातून सुरू होणारी रेकॉर्ड

किस्से कुणी गोळा करत नाही. चार माणसं रोज एका खोलीत वाजवायला बसली की कपाटामागे धूळ साठते तसे ते साठत जातात. आणि त्या चारांतला एक उठून गेला की उरलेल्या तिघांना दुसरं काही बोलायलाच सुचत नाही.

आमची बेंजो पार्टी आहे, अंबरनाथला, मोरिवलीत. हळदीला वाजवतो. बेंजोवर माझा मोठा भाऊ विलासदादा, कीबोर्डवर हिरूकाका, पॅडवर पप्या आणि ढोलकीवर मी. दादा गेला त्याला आज बेचाळीस दिवस झाले. पाच दिवस ताप होता. सहाव्या दिवशी दादा नव्हता. त्याच्या पुढचं मला लिहिता येत नाही, म्हणून किस्से सांगतो.

सगळे किस्से एका रेकॉर्डचे आहेत. जुनी काळी तबकडी, इंग्लिश हार्ड रॉक, लाईव्ह! म्हणजे हजारो लोकांसमोर वाजवलेलं, टाळ्या-आरोळ्यांसकट. बँडचं नाव आम्हाला कुणालाच नीट घेता येत नाही, म्हणून आम्ही त्यांना 'ते चौघं' म्हणतो. ती रेकॉर्ड अजून प्लेअरवरच आहे, दादाने ठेवली होती तशी. पप्या म्हणतो, "एकदा लाव ना रे." मी म्हणतो, नाही. सुई फिरली की रेकॉर्ड थोडी थोडी झिजते, हे दादानेच सांगितलंय. त्याच्या हाताने ठेवलेली वस्तू मी झिजवणार नाही. यावरून मी पप्याची कॉलरही धरलीय.

*

रेकॉर्ड आली उल्हासनगरहून. तीन नंबर कॅम्पात हरीश अंकलचं जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचं दुकान आहे. आमच्या अँप्लिफायरचा एक पार्ट उडाला होता, तो आणायला मी आणि दादा गेलो होतो. अंकल हातात ड्रिल मशीन घेऊन बसले होते. जुन्या रेकॉर्डचं मधलं भोक मोठं करायचं, मागून घड्याळाची मशीन लावायची, पुढून काटे. भिंतीवरचं घड्याळ तयार! हल्ली लोकांना आवडतं म्हणे.

बाजूला रिकामं कव्हर पडलं होतं. पुस्तकासारखं उघडणारं. आत चार केसाळ माणसं, घामाने निथळणारी, आणि त्यातल्या एकाच्या हातात गिटार अशी धरलेली, जसं कुणी तान्हं मूल पुरातून बाहेर काढतंय. दादाने तो फोटो पाहिला. नंतर अंकलच्या ड्रिलखालची रेकॉर्ड पाहिली. आणि सरळ तिच्यावर आपला पंजा ठेवला!

"अरे बेटा, हाथ हटा! उंगली जाएगी!"

"पहिले मशीन हटाओ, अंकल."

"साईं, तेरे को बेंजो बजाना है इसी उंगली से!"

"इसीलिए बोल रहा हूँ."

अंकल म्हणतात, पन्नास वर्षांच्या धंद्यात माल वाचवायला बोटं पुढे करणारं गिऱ्हाईक त्यांनी एकच पाहिलं.

*

पण त्या कव्हरात रेकॉर्डी दोन होत्या. पहिली आदल्या दिवशीच घड्याळ होऊन गेली होती! कुठे? तर पाच नंबर कॅम्पात, इर्शादभाईच्या सलूनमध्ये.

म्हणून आमचा कार्यक्रम कायम अर्ध्यातूनच सुरू होतो. सुई ठेवली की थेट लोक ओरडताना ऐकू येतात. ते कशावरून ओरडतायत, ते आम्हाला माहीत नाही. ते घड्याळात राहिलं.

दादा मग दर पंधरा दिवसांनी अंबरनाथहून उल्हासनगरला केस कापायला जाऊ लागला. मोरिवलीत सलूनं नाहीत का? आहेत. हा त्या खुर्चीत बसायचा आणि आरशातून मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचा. उलटं. म्हणायचा, "रेघा बघ सोन्या, किती बारीक! त्या प्रत्येक रेघेत ते वाजवतायत."

तिसऱ्या महिन्यात इर्शादभाईने कैची खाली ठेवली. म्हणाला, "विलासभाई, कापू काय आता? तुम्ही बसा नुसते. चाय मागवतो."

*

आमच्या खोलीत दादाचे नियम होते. चपला बाहेर. पंखा बंद. रेकॉर्डला बोट लावायचं नाही, दोन्ही तळव्यांमध्ये कडेने धरायची आणि श्वास रोखून उलटायची. एकदा आई दारातून बघत होती. आमची आई फार बोलत नाही, पण बोलली की पुरतं.

"बापजन्मात तव्यावरची भाकर नाय उलटली," ती म्हणाली, "आन् हिला बघ कसा उलटतंय!"

दादाने श्वास रोखलेला होता, त्यामुळे त्याला उत्तरही देता येईना.

*

हिरूकाकांचा किस्सा तर सांगायलाच हवा. काका पासष्टीचे. आयुष्य हळदी आणि लग्नांत गेलं. मांडवात पाय ठेवला की किती पानं उठणार ते सांगतात, आणि आचारी त्यांच्या शब्दावर तांदूळ धुवायला घेतो.

पप्याने एकदा विचारलं, "काका, या रेकॉर्डमध्ये किती पब्लिक असेल?"

काकांनी डोळे मिटले. टाळ्या पूर्ण ऐकल्या. दादाला पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकल्या.

"चार हजार पानं," काका म्हणाले. "आणि एक सांगतो. हे लोक जेवलेले नाहीत."

"ते कसं कळलं?"

"जेवलेला माणूस एवढा वेळ टाळ्या वाजवत नाही."

*

आता सोनिवलीची हळद. बदलापूरच्या पुढे, शेताच्या कडेला मांडव. त्या रेकॉर्डमधलं सगळ्यात मोठं वाजवणं आम्ही वर्षभर बसवलं होतं आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर काढलं. दादाने बेंजोला असा आवाज लावला होता की बटणं दाबायचं ते वाद्य वाघासारखं गुरगुरत होतं. म्हाताऱ्या बायासुद्धा नाचायला लागल्या.

आणि ऐन रंगात आम्ही थांबलो. चौघंही. एकदम.

कारण ते तसंच होतं! रेकॉर्डवर आवाज कमी कमी होत बंद होतो, बरोबर सात मोजेपर्यंत काही नाही, आणि मग पुन्हा सुरू. पप्या तोंडातल्या तोंडात मोजत होता. एक, दोन...

मांडवात शांतता. नाचणारे हात वर धरून उभे. नवरदेवाच्या गालाला हळद लावता लावता मावशीचा हात तिथेच राहिला. चारला कुणीतरी ओरडलं, "जनरेटर गेला!" पाचला मांडववाला जनरेटरकडे पळाला. सहाला त्याने धडधड चालणारा जनरेटर बंद केला, चालू आहे हे न बघताच! सातला पुन्हा चालू केला.

आठला आम्ही वाजवलं.

मी तशी आरोळी माणसांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. नवरदेवाचा मामा पाण्याच्या पिंपात गेला. त्यानंतर बदलापूर ते बारवी धरणापर्यंत जिथे जाऊ तिथे एकच फर्माईश, "तो थांबणारा आयटम वाजवा!"

तीन वर्षं वाजवला. मग बदलापूरला एका लग्नात कॉलेजात शिकणारा एक पोरगा भेटला. गळ्यात हेडफोन. तो म्हणाला, "भारी वाजवता, पण तुम्ही मध्ये का थांबता? मूळ वाजवण्यात ते थांबतच नाहीत." त्याने मोबाईलवर ऐकवलं. खरंच, सलग होतं! एका बाजूला मावत नाही म्हणून रेकॉर्डवर ते दोन बाजूंना तोडलंय. आम्ही जी शांतता वर्षभर तालमीत बसवली, ती दादाला रेकॉर्ड उलटायला लागणारी वेळ होती.

पप्या लाजेने लाल. हिरूकाका चपला शोधायला लागले. दादाने शांतपणे मोबाईल त्या पोराला परत दिला.

"त्यांना थांबायला जमलं नसेल," दादा म्हणाला.

*

त्याच वाजवण्यात गिटारवाला एका जागी चुकतो. वर चढता चढता बोट घसरतं, तार भलतीकडेच जाते आणि तो तिला तशीच ओढत परत आणतो. बेंजोवर ते करता येत नाही, बटणावर बोट घसरून घसरणार किती? दादाने बटणं सोडली आणि तारेवर स्टीलच्या चमच्याची मागची बाजू घासायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, कामावरून आल्यावर. बाकीचं सगळं तीन आठवड्यांत आलं होतं. ती एक चूक बरोबर यायला दीड महिना लागला.

मी चिडून म्हणालो, "दादा, चूक कशाला शिकतोस? सोड ना ती जागा."

तो म्हणाला, "सोन्या, बाकीचं सगळं तो घरून ठरवून आलाय. ही एवढीच जागा तिथे घडलीय."

मी आठवीत शाळा सोडली. त्यानंतर मला कुणी काही शिकवलं असेल, तर ते हे एक वाक्य.

*

दादाच्या तेराव्याला इर्शादभाई आला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ. सेल काढलेले.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "आता आणलंस? तो नऊ वर्षं तुझ्या खुर्चीत बसून बघत होता, तेव्हा नाही सुचलं?"

इर्शादभाईने खाली बघत ते घड्याळ दाराशी ठेवलं.

"दो बार दे रहा था मैं," तो म्हणाला. "नहीं लिया. बोला, ले लिया तो तेरे पास आऊँगा किस बहाने से?"

मी त्याच्या पायाशी बसलो. अजून काय करणार होतो?

*

आणि हा आजचाच, इथवर लिहून झाल्यावरचा. सकाळची वेळ. हिरूकाका आणि पप्या आले. दादाशिवाय आता पार्टी चालवायची की मोडायची, हे ठरवायचं होतं. पण कुणी विषय काढेना. तिघंही त्या बंद प्लेअरकडे बघत बसलो. पप्या माझ्या भीतीने 'लाव' म्हणत नव्हता.

आतून आई म्हणाली, "लाव रं."

"झिजते ती, आई."

"झिजू दे."

आई येऊन उंबऱ्यावर बसली. इतक्या वर्षांत ती या खोलीत कधी बसली नव्हती; कानावर पडायचं ते आत, चुलीपाशी. मी पंखा बंद केला. रेकॉर्डवर बेचाळीस दिवसांची धूळ होती, ती मऊ फडक्याने टिपली. हिरूकाकांनी माझं मनगट धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून सुई ठेवली.

ते चौघं सुरू झाले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पहिलं गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या. पप्याने बोलायला तोंड उघडलं, तर आईने बोट वर केलं.

"गप. आथा ती बाय हासंल."

"कोण बाई?" मी म्हणालो.

"मांगं हाय. लय लांब."

नऊ वर्षं आम्ही ही रेकॉर्ड ऐकतोय. त्यातला खोकलासुद्धा आम्हाला पाठ आहे. दादाने कधी कुणा बाईचं नाव काढलं नव्हतं. मी स्पीकरला कान लावला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या, चार हजार पानं. आणि त्या सगळ्याच्या खाली, पार मागून, एक बाई हसली. मोठ्याने, मोकळी. दोनदा.

पप्याच्या अंगावर काटा आला, त्याने हात पुढे करून दाखवला.

"रोज हासते," आई म्हणाली.